फोनच्या कॅमेऱ्यातून स्वतःचं नाशिक : विद्यार्थ्यांनी फोटोंचं पान कसं उभं करावं

कॉलेज रोडवरच्या कॅफेतला कॉफीचा कप, पांडवलेणीच्या पायऱ्यांवरची पाठमोरी पोझ, गंगापूर धरणावरचा सूर्यास्त. नाशिकच्या विद्यार्थ्यांची इन्स्टाग्रामवरची पानं चाळली की हे फोटो हमखास भेटतात. फोटो वाईट नसतात, पण वरचं नाव झाकलं तर पान कोणाचं हे ओळखता येत नाही. ते ओळखता यावं असं वाटत असेल तर महागड्या कॅमेऱ्यामागे लागू नका. एक विषय घ्या आणि निदान महिनाभर त्याचा पिच्छा पुरवा.

आधी विषय धरा

अख्खं नाशिक हा विषय होत नाही, फार मोठा आहे. रोजच्या वाटेवरचं काहीतरी निवडा: सिटीलिंकच्या बसमधली सकाळ, भांडी बाजार, आजीचं स्वयंपाकघर, कोपऱ्यावरची भाजीची गाडी. निफाड-दिंडोरीकडून शिकायला आलेल्यांपैकी ज्यांच्या घरी द्राक्षबाग आहे, त्यांच्याकडे तर खजिनाच आहे. ऑक्टोबर छाटणीपासून फेब्रुवारी-मार्चच्या काढणीपर्यंत एकाच वेलीचा फोटो दर रविवारी, एकाच जागेवर उभं राहून काढा. बाहेरचा फोटोग्राफर येतो तो घड लगडल्यावर. छाटणीनंतरची उघडी काडी, तिच्यावर फुटलेला डोळा म्हणजे कोंब, डावणी रोगाच्या धास्तीने चाललेली फवारणी हे त्याच्या हाती लागत नाही.

ही रीत आपल्याच मातीतली आहे. १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी पहिला मोठा चित्रपट करण्याआधी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ थोडी थोडी टिपून तिची छोटी फिल्म केली होती. तीच दाखवून त्यांनी पुढच्या कामासाठी भांडवल मिळवलं.

मग उजेड ओळखा

चांगला फोटो आणि साधा फोटो यांत सगळ्यात मोठा फरक उजेडाचा असतो, म्हणून सुरुवातीचे काही दिवस फक्त उजेड बघण्यात घालवले तरी चालतील. सकाळी कॉलेजला जायच्या आधीचा तास आणि संध्याकाळी ऊन उतरतानाचा तास सोन्यासारखे. दुपारी उघड्यावर चेहऱ्यांवर काळ्या सावल्या पडतात. अशा वेळी जुन्या नाशकातल्या अरुंद गल्ल्यांत किंवा दुकानाच्या दारात शिरा.

भांडी बाजारात मठारलेला तांब्याचा हंडा दिसला तर हा प्रयोग जरूर करा. समोरून फ्लॅश मारला की हंड्याचा एक तांबूस, चकचकीत गोळा होतो, बाकी काही दिसत नाही. फ्लॅश बंद करा. दारातून येणारा उजेड हंड्यावर बाजूने पडेल असे अर्धं पाऊल सरका. आता हातोडीच्या प्रत्येक ठोक्याच्या खळग्याला एक उजळ कड आणि एक काळी कड दिसायला लागेल. हंडा हाताने घडवलाय हे सांगायला कॅप्शनसुद्धा लागत नाही.

पावसाळ्यात गोदावरीला पूर आला की नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून पाण्याचा अंदाज बांधतात. कमरेला लागलं, गळ्यापर्यंत आलं, अशी बातमी गावभर फिरते. मे महिन्यातला मारुती आणि पुरातला मारुती एकाच जागेवरून टिपला तर उत्तम मालिका होईल. मात्र पुरातला फोटो लांबून, उंचावरून घ्या. घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि धरणातून विसर्ग वाढला की पाणी भराभर चढतं. रीलसाठी तिथे उतरायचं नाही म्हणजे नाही.

फोनची तयारी

लेन्स मऊ कापडाने पुसा. सेटिंगमध्ये ग्रिडच्या रेषा चालू करा, म्हणजे घाट आणि इमारती तिरक्या येणार नाहीत. झूम न करता जवळ जा. स्क्रीनवर विषयावर बोट दाबून धरलं की फोकस तिथेच पक्का होतो, मग बोट खाली सरकवून उजेड कमी करता येतो. काळाराम मंदिर बाहेरून टिपताना याचा फार उपयोग होतो. काळा दगड समोर आला की फोन आपणहून उजेड वाढवतो आणि दगड राखाडी दिसायला लागतो. उजेड थोडा उतरवा, दगडाचा काळा रंग परत येईल. मंदिरांत जिथे मनाईची पाटी असेल तिथे ती पाळा. पांडवलेणीत ट्रायपॉड लावायचा असेल तर आधी पुरातत्त्व खात्याची परवानगी घ्यावी लागते.

माणसांना विचारा

“काका, काम करतानाचा तुमच्या हातांचा एक फोटो काढू का? इन्स्टावर टाकणार आहे.” कुठे टाकणार हेही सांगायचं, काढून झाल्यावर फोटो दाखवायचा. नको म्हणाले तर विषय संपला. लहान मुलांचा असेल तर आई-वडिलांना विचारा. रामकुंडावर लोक दशक्रिया आणि अस्थिविसर्जनासाठी येतात, बायका स्नान करत असतात. तिथे फोन खिशात ठेवा. कोणाच्या दुःखाचा फोटो कितीही ‘भारी’ आला तरी तो आपल्या पानासाठी नसतो, याबाबत माझं मत पक्कं आहे.

निवड आणि कॅप्शन

काढले त्याच दिवशी फोटो टाकू नका. दुसऱ्या दिवशी बघितलं की अर्धे आपोआप गळतात. एका पोस्टमध्ये २० फोटो बसतात, पण पाच-सहा पुरे. उभा फोटो ४:५ मापात कापला तर फीडमध्ये मोठा दिसतो. फिल्टर रोज बदलू नका.

कॅप्शन आपल्या बोलीत लिहा. ‘सकाळचे मनमोहक सौंदर्य’ असं कोणीही लिहील. त्याऐवजी: ‘सात-दहाची बस. पंचवटीला चढणाऱ्या मावशींच्या टोपलीत झेंडू. रविवार कारंजा येईपर्यंत सगळ्या बसला त्याचा वास.’ वास फोटोत येत नाही, म्हणून तो शब्दांत यायला हवा. जे फोटोत दिसत नाही तेच लिहा, दिसतंय ते परत सांगू नका.

पान सांभाळा

फोटोंसाठी वेगळं अकाउंट काढा, घरगुती अकाउंट प्रायव्हेट ठेवा. कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करा आणि एखाद्या ठिकाणचा फोटो तिथून निघाल्यावरच टाका, विशेषतः होस्टेलवर राहणाऱ्या मुलींनी. लाइकचे आकडे मनाला लागत असतील तर ते सेटिंगमधून लपवता येतात. खुशाल लपवा.

कॉपीराइट कायदा १९५७ नुसार फोटोचा हक्क सहसा काढणाऱ्याचा असतो, फोनवर काढला म्हणून तो कमी होत नाही. दुसऱ्या पानाने न विचारता उचलला तर आधी नीट शब्दांत मेसेज करा. ऐकलं नाही तर ॲपमधूनच कॉपीराइटची तक्रार करा. मूळ फाइल जपून ठेवलेली असली की तेव्हा कामाला येते.

शेवटी प्रिंट काढा

महिना झाला की ज्यांचे फोटो काढले त्यांना एकेक प्रिंट नेऊन द्या. पुढच्या वेळी विचारण्याआधीच ते बसायला स्टूल पुढे करतील. स्टुडिओत नेहमीसारखा व्हॉट्सॲपवर फोटो पाठवू नका, तो लहान होऊन जातो आणि प्रिंट फुटते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हवर मूळ फाइल न्या.