कोकणातलं जुनं घर उतरवून नवं बांधण्याआधी

संमतीपत्रावर सह्या गणपतीतच घ्या, सगळे भाऊबंद गावात असतात. सातबाऱ्यावर किंवा ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर चुलत आजोबांचंही नाव असेल, तर एकेका वारसाला मुंबईत गाठेपर्यंत पुढची दिवाळी उजाडते. त्याच मुक्कामात मोजणीचा अर्ज टाका. जुनी भिंत हीच पुष्कळदा हद्दीची खूण असते, ती गेली की शेजारी जागा होतो. घराचे फोटो आणि घरपट्टीच्या पावत्या फायलीत लावा. बांधकाम परवानगी हातात पडेपर्यंत एक कौलही हलवू नका.

एकदा जाणत्या सुताराला मात्र माळ्यावर चढवाच. चार वासे बदलून भागत असेल, तर घर ठेवण्याइतकं पर्यावरणपूरक दुसरं काही नाही. आढंच, म्हणजे छपराच्या माथ्याचं मुख्य लाकूडच, वाळवीने पोखरलं असेल तर गोष्ट वेगळी.

उतरवायचं ठरलं, की जेसीबी शेवटी. तो दिवसभरात घर आडवं करतो आणि सोबत तुमचा निम्मा माल मातीत घालतो. आधी कौलं, मग रिपा नि वासे, मग चौकटींसकट दारं-खिडक्या आणि सरतेशेवटी भिंतीतले चिरे, म्हणजे जांभा दगडाचे ठोकळे. मातीत किंवा चुन्यात बसवलेला चिरा अखंड सुटतो. सिमेंटमधला बहुधा फुटतो. फुटके चिरे, माती जोत्याच्या भरावाला चालतात. वाळवीचं लाकूड वेगळं ठेवा, बाकीचं जमिनीपासून उचलून, झाकून रचा. मागीलदारी सिमेंटचे जुने पत्रे असतील तर ते फोडू नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं. पाणी मारून, तोंड बांधून अख्खे उतरवावेत. चौकटी आणि वाशांची मापं आर्किटेक्टला नकाशा काढायच्या आधी द्या. नकाशा झाल्यावर दिलेल्या मापांना कुणी विचारत नाही.

आता पाणी. 100 चौरस मीटर छपरावर 3000 मिलिमीटर पाऊस म्हणजे वर्षाला 3 लाख लिटर! पण ते चार महिन्यांत येतं, जांभ्यातून झिरपून जातं आणि मे महिन्यात विहीर तळ दाखवते. पाच माणसांना मिळून रोज 300 लिटर धरले तर 20,000 लिटरची टाकी दोन महिने काढते. ती पडवीखाली हवी असेल तर जोतं भरण्याआधीच ठरवावं लागतं. संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून निदान 15 मीटर लांब आणि उताराच्या बाजूला घ्या. शेजाऱ्याची विहीरही मोजा.

आढं पूर्व-पश्चिम ठेवलं तर छपराचं एक पाखं, म्हणजे उतरती बाजू, दक्षिणेला येतं आणि सौर पॅनेल त्यावर नीट बसतात. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे. माकडांचा उपद्रव असेल तर त्याची सोय तुम्हालाच पाहावी लागेल.

पायाचं काम दिवाळीनंतर, छप्पर मृगाच्या आत. फ्लाय अ‍ॅश (कोळशाची राख) मिसळलेलं पीपीसी सिमेंट वापरणार असाल तर काँक्रीटवर निदान दहा दिवस पाणी मारावं लागतं, तेव्हा त्या पाण्याची सोय आधी बघा. ठेकेदाराच्या करारात जुन्या चिऱ्यांची मोजदाद लिहून घ्या आणि तेवढे नवे चिरे त्याच्या अंदाजपत्रकातून वजा करा.