गॉब्लिन शार्कबद्दल लिहिताना या चुका टाळा

गॉब्लिन शार्क या खोल समुद्रातल्या माशाविषयीचे लेख आणि तक्ते तपासायला येतात, तेव्हा बहुतेक चुकांचे मूळ एकच आढळते: मेलेल्या माशाचे छायाचित्र समोर ठेवून जिवंत माशाचे वर्णन केलेले असते.

सर्वांत वाईट चूक जबड्याची. जाळ्यातून वर आलेल्या माशाचा जबडा पुष्कळदा बाहेर लोंबत असतो, म्हणून तो तसाच पोहतो असे समजले जाते. प्रत्यक्षात पोहताना जबडा लांब, चपट्या मुस्कटाखाली आत घेतलेला असतो आणि भक्ष्य टप्प्यात येताच झटक्यात पुढे फेकला जातो. 2016 मध्ये जपानी संशोधकांनी चित्रफितींवरून मोजले, तेव्हा त्याचा वेग सेकंदाला 3.1 मीटरपर्यंत भरला आणि तो शरीराच्या लांबीच्या 8.6 ते 9.4 टक्के पुढे येत असल्याचे दिसले. सैल स्नायूंच्या या संथ माशाला पाठलाग जमत नाही. ती उणीव जबडा भरून काढतो. एका प्रदर्शनाच्या तक्त्यावर जबडा वासून पोहणारे तीन मासे होते. मिटलेला आणि झेपावलेला अशी दोन चित्रे शेजारी काढा, असे मी लेखी कळवले. ‘मिटलेल्या तोंडाचा मासा भीतिदायक दिसत नाही’ असे उत्तर आले आणि तक्ता तसाच लागला. पुढे एका मुलीने स्वयंसेवकाला विचारले, ‘मग हा गिळतो कसा?’ त्याच्याकडे उत्तर नव्हते. घाईने केलेले काम असे मुलांच्या माथी मारले जाते, याचा मला अजूनही राग येतो.

रंगाचेही तेच. पारदर्शक त्वचेखालच्या रक्तवाहिन्यांमुळे जिवंत मासा गुलाबी दिसतो. मेल्यावर तो करडा-तपकिरी पडतो. छायाचित्र जिवंत माशाचे की बरणीतल्या नमुन्याचे, हे खाली लिहिलेले नसेल तर मी ते बाजूला ठेवते.

मुस्कट हे खणायचे हत्यार नव्हे. त्यावर भक्ष्याचे क्षीण विद्युतक्षेत्र टिपणारी इंद्रिये असतात.

‘साडेबारा कोटी वर्षे जसाच्या तसा’ असे लिहू नका. तेवढे जुने त्याचे कुळ आहे. ही जाती त्यातली आज उरलेली एकमेव.

खोलीचा एकच आकडा देऊ नका. दक्षिण जपानच्या समुद्री घळींमध्ये लहान मासे बरेच वर सापडतात, मोठे अधिक खोल राहतात.

दुर्मीळ म्हणजे नामशेष होत चाललेला, हा निष्कर्षही उतावळेपणाचा आहे. अटलांटिक, हिंदी आणि पॅसिफिक या तिन्ही महासागरांत त्याच्या नोंदी आहेत, बहुतेक मासे जाळ्यांच्या आवाक्याखाली राहतात आणि आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्याला ‘कमी चिंताजनक’ गटात ठेवले आहे.