सायकलपटूचं करिअर कसं वाचायचं? योप झूटेमेल्कचा कागद काढून बघूया

टूर द फ्रान्स बघायची सवय लागली की माणूस हळूहळू जुन्या रायडर्सकडे वळतो, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, याने टूर किती वेळा जिंकली? तेवढ्यावर निकाल लावायचा म्हटलं तर नेदरलँड्सचा योप झूटेमेल्क एका ओळीत संपतो. १९८० ची टूर, एकदा, बस. आणि मला हे मनापासून चुकीचं वाटतं, कारण इतकं भरलेलं करिअर फार थोड्यांचं असेल. म्हणून रेकॉर्ड कसं वाचायचं ते त्याच्याचवर शिकूया.

एक कागद घ्या, डावीकडे वर्षं एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकासमोर टूरमधला शेवटचा नंबर. हा नंबर जीसीचा (जनरल क्लासिफिकेशनचा) हवा, म्हणजे तीन आठवड्यांच्या सगळ्या स्टेजेसची, म्हणजे रोजच्या टप्प्यांची, वेळ एकत्र धरून लागतो तो. एखादी स्टेज जिंकणं वेगळं, त्याची सरमिसळ करू नका. रायडर धावलाच नसेल ते वर्ष रिकामं ठेवा, गाळू नका. झूटेमेल्कचं १९७० पासून असं येतं: २, २, ५, ४, रिकामं, ४, २, ८, २, २, १, ४, २, २३, ३०, १२, २४. शेवटचा आकडा १९८६ चा. आता जिंकलं-हरलं बाजूला ठेवून फक्त मोजा, सोळा वेळा सुरुवात आणि सोळाही वेळा शेवटपर्यंत. दरवर्षी कितीतरी चांगले रायडर पडून, तापाने, गुडघ्याने, नाहीतर घाटात वेळेच्या मर्यादेबाहेर जाऊन घरी जातात, आणि हा गडी एकदाही मध्येच सुटला नाही. माझ्या मते त्याच्या कागदावरची सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

मग रिकाम्या जागेकडे या, कारण खरी गोष्ट बहुतेक वेळा तिथेच सापडते. १९७४ ला तो जबरदस्त फॉर्मात होता, मार्चमध्ये पॅरिस-नीस ही अनेक दिवसांची शर्यत जिंकली होती, आणि मग दक्षिण फ्रान्समधल्या मिदी लिब्र शर्यतीत फिनिशजवळ उभ्या असलेल्या गाडीवर जाऊन आदळला. कवटी फुटली, जिवावर बेतलं, पुढे मेनिंजायटिसही झाला आणि जिभेची चव गेली ती गेलीच. तरी १९७५ ला पुन्हा पॅरिस-नीस जिंकली आणि टूरमध्ये चौथा आला. हे कळल्यावर त्या ४ कडे तुम्ही आधीसारखं बघूच शकत नाही.

आता दुसऱ्या नंबरांसमोर अजून दोन गोष्टी लिहा, जिंकलं कोण आणि किती फरकाने. हे लोक करत नाहीत आणि म्हणूनच "कायमचा दुसरा" असा शिक्का मारून मोकळे होतात. १९७० ला एडी मर्क्स, फरक १२ मिनिटं ४१ सेकंद. १९७१ ला पुन्हा मर्क्स, ९:५१. १९७६ ला लुसियाँ व्हान इम्प, ४:१४, आणि त्याच टूरमध्ये झूटेमेल्कने अल्प द्युएझ या प्रसिद्ध घाटासकट डोंगरातल्या तीन स्टेजेस मारल्या. १९७८ ला बर्नार इनो, ३:५६, आणि तेव्हा पिवळी जर्सी, म्हणजे जीसीत पुढे असणाऱ्याची जर्सी, शेवटच्या दिवसांपर्यंत झूटेमेल्ककडे होती, ती टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे प्रत्येकाने एकट्याने घड्याळाविरुद्ध धावायच्या स्टेजमध्ये, गेली. १९७९ आणि १९८२ लाही इनोच. म्हणजे सहापैकी पाच वेळा समोर मर्क्स नाहीतर इनो, दोघंही प्रत्येकी पाच टूर जिंकलेले. कुणाच्या काळात जन्मलात यावर पण खूप काही ठरतं हो.

१९७९ चा फरक मात्र १३:०७ दिसेल आणि तुम्ही चक्रावाल. त्यातली १० मिनिटं डोपिंगची पेनल्टी आहे. १९७७ लाही तो टेस्टमध्ये सापडला होता. रायडर आवडता असला तरी हे त्याच कागदावर लिहायचं, लपवायचं नाही, आणि त्या काळी शिक्षा बंदीऐवजी मिनिटांत व्हायची हेही शेजारी लिहायचं.

जिंकलेलं वर्ष पण तपासा. १९८० ला इनो पिवळ्या जर्सीत असताना गुडघ्यामुळे पो या गावातून शर्यत सोडून गेला, म्हणून काहीजण ही टूर फुकटात मिळाली म्हणतात. पण तेव्हा झूटेमेल्क फक्त २१ सेकंद मागे होता, आदल्याच दिवसांत त्याने एक टाइम ट्रायल जिंकली होती आणि पुढे अजून एक जिंकली. दुसऱ्या दिवशी इनोच्या मानासाठी त्याने पिवळी जर्सी घातली नाही. शेवटी दुसऱ्या आलेल्या हेनी काउपरवर जवळपास ७ मिनिटांची आघाडी. याला फुकट कसं म्हणायचं?

टूरचा कागद झाला की दुसरी बाजू वापरा. तिथे बाकीच्या शर्यती, आणि प्रत्येकीपुढे त्याचं वय. प्रो व्हायच्या आधी १९६८ ला मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये चौघांच्या १०० किलोमीटर टीम टाइम ट्रायलचं गोल्ड. १९७९ ची व्हुएल्टा, म्हणजे स्पेनमधली तीन आठवड्यांची शर्यत. मग १९८५, इटलीतलं जियावेरा देल मोंतेल्लो, वर्ल्ड चॅम्पियनशिप, ग्रेग लेमाँड आणि मोरेनो अर्जेंतिन हे दोन तगडे रायडर एकमेकांवर नजर ठेवून राहिले आणि शेवटी शेवटी हा एकटा निघून गेला, वय ३८, पुरुषांत इतक्या वयाचा रोड वर्ल्ड चॅम्पियन दुसरा नाही. १९८७ ला चाळिशीत घरच्या देशातली अॅमस्टेल गोल्ड रेस जिंकली आणि त्याच वर्षी थांबला. वयाचा रकाना ठेवला नसता तर या दोन ओळी बाकीच्या ओळींसारख्याच दिसल्या असत्या.

सरावासाठी पुढचा कागद हेनी काउपरचा करा. टूरमध्ये दोनदा दुसरा, त्यातला १९७७ चा फरक ४८ सेकंदांचा, पण मागची बाजू बघाल तर १९७२ चं ऑलिम्पिक रोड रेस गोल्ड, १९७५ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप, शिवाय फ्लँडर्स, लोम्बार्दिया, रुबे आणि सान रेमो या एका दिवसाच्या मोठ्या शर्यती. त्याच्यासाठी मागची बाजू आधी भरा, टूरचा रकाना नंतर.