विषारी कोण, सोंगाडी कोण

गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यात पावसाळा ओसरला की कुळागराच्या, म्हणजे माड-पोफळीच्या बागेच्या, कडेला लाल ठिपक्यांची काळी फुलपाखरं भरपूर दिसतात. पाहुणे विचारतात, "काका, हे विषारी ना?" मी सांगतो, पंख सोडा, अंग बघा.

खरं विषारी ते कॉमन रोज नावाचं फुलपाखरू, त्याचं डोकं आणि पोट तांबडं असतं. कॉमन मॉरमॉन हे बिनविषारी फुलपाखरू, पण पक्ष्यांना फसवायला त्याची मादी रोजचे पंख हुबेहूब उतरवते, पण तिचं अंग काळंच राहतं. (नर या भानगडीत पडत नाहीत.) मग उडणं पाहा. कॉमन रोज रमतगमत जातं, विषारी असल्यावर त्याला घाई कसली? मॉरमॉनही तशीच रमतगमत जाते, पण दचकली की सोंग विसरून सुसाट सुटते.

तरी शंका राहिली तर अळी कुठल्या झाडावर आहे ते शोधा. कॉमन रोजची अळी ईश्वरीच्या वेलावर वाढते आणि वेलातलं विष अंगात साठवते. तेच पुढे फुलपाखरात उतरतं. मॉरमॉनची अळी लिंबाची नि कढीपत्त्याची पानं खाते, तिच्यात विष यायचं कुठून? कढीपत्ता बोडका झाला की बायको माझ्याकडेच रागाने बघते, ते वेगळं.

रुईजवळ नारिंगी फुलपाखरू दिसलं तर मागच्या पंखावरचे ठिपके मोजा. मधोमध तीन-चार काळे ठिपके असतील तर तो प्लेन टायगर, खरा विषारी. एकच ठिपका, तोही वरच्या कडेला, असेल तर ती डॅनेड एगफ्लायची मादी. तिची अळी घोळीच्या भाजीवर पोसलेली, अगदी निरुपद्रवी. टायगरची अंडी बघायला रुईचं पान हळूच उलटा, मोडू नका. चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि डॉक्टर गाठा.

बिनविषारी फुलपाखरानं विषाऱ्याचं सोंग घ्यायच्या अशा नकलेचा उलगडा इंग्रज निसर्ग-अभ्यासक हेन्री बेट्स यांनी १८६२ मध्ये ॲमेझॉनच्या फुलपाखरांवरून केला. आमच्या कुळागरात तो फुकट बघायला मिळतो.

फुलपाखराला बोट लागलं म्हणून घाबरू नका, हे विष खाणाऱ्यासाठी असतं. हात आवरायचा तो पतंगांच्या केसाळ अळ्यांपासून आणि माडाच्या झावळ्यांवरच्या काटेरी हिरव्या अळ्यांपासून. केस टोचले तर चोळू नका. त्या जागी चिकटपट्टी दाबून ओढून काढा, मग साबणाने धुवा. सूज वाढली किंवा दम लागला तर थेट दवाखाना.