मेटाडेटा सांभाळताना या चुका टाळा

पुण्यातील लहान कार्यालयांची आणि गृहसंस्थांची कागदपत्रे संगणकावर लावून देणे हा माझा व्यवसाय आहे. फाइल कोणी, केव्हा, कशाने तयार केली याची जी नोंद फायलीसोबत राहते ती म्हणजे मेटाडेटा, एवढे बहुतेकांना माहीत असते; मात्र ही नोंद एकदा पुसली गेली की सहसा परत मिळत नाही, हे काम अडल्यावरच कळते.

कोथरूडमधील एका गृहसंस्थेचा बांधकाम व्यावसायिकाशी गळतीवरून वाद चालू होता. जुलैच्या पावसात रहिवाशांनी ओल्या भिंतींची ६० छायाचित्रे काढली होती आणि ‘ग्रुपवर टाका’ असे सांगून चिटणिसांनी ती गोळा केली होती. डिसेंबरमध्ये वकिलांनी प्रत्येक छायाचित्राची तारीख विचारली, तेव्हा एकाही फायलीत ती सापडेना. फोनचा कॅमेरा छायाचित्रात एक्सिफ नावाची नोंद लिहितो. तिच्यात दिनांक, वेळ, फोनचे मॉडेल आणि परवानगी दिली असल्यास अक्षांश-रेखांशही असतात. व्हॉट्सॲपवर साधे छायाचित्र म्हणून पाठवताना ते आकुंचित होते आणि ही नोंद गळून पडते. फायलीच्या नावात जी तारीख दिसते, ती छायाचित्र काढल्याची नसून ते त्या फोनवर पोहोचल्याची असते, हे चिटणिसांना पटवून देण्यातच माझी अर्धी दुपार गेली. पुढे घरोघरी जाऊन मूळ फोन तपासले. दोघांनी दरम्यान फोन बदलले होते, काहींनी जागा मोकळी करण्यासाठी मूळ छायाचित्रे पुसली होती, आणि अखेर २१ छायाचित्रे तारखेसह हाती लागली. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ हा १ जुलै २०२४ पासून लागू झाला असून त्याच्या कलम ६३ खालील, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात फायलीचे हॅश मूल्यही, म्हणजे फायलीवरून काढलेली आणि फाइल जराही बदलली तर बदलणारी खूण, नोंदवावे लागते. त्यामुळे मूळ फाइल जपणे आता अधिकच गरजेचे आहे. मी स्वतः फोन केबलने जोडून फायली उतरवतो. वेळ लागतो, तो लागू द्यावा. व्हॉट्सॲपच वापरायचे असेल तर निदान ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे.

दुसरी चूक जुन्या फायलीवर नवे काम लिहिण्याची. भोसरीतील एका कारखान्याला दरपत्रक पाठवताना आमच्याच कार्यालयातील एका उत्साही मुलाने आदल्या ग्राहकाची वर्ड फाइल घेऊन आतला मजकूर बदलला. पीडीएफ ब्राउझरमध्ये उघडताच वरच्या टॅबवर त्या आदल्या ग्राहकाचे नाव झळकले, कारण फायलीच्या गुणधर्मांतील ‘टायटल’ या रकान्याकडे कोणी पाहिलेच नव्हते. तेव्हापासून बाहेर जाणारी प्रत्येक वर्ड फाइल मी ‘डॉक्युमेंट इन्स्पेक्टर’ या, फायलीतील लपलेली माहिती शोधून पुसणाऱ्या वर्डमधल्याच सोयीतून काढतो आणि नंतर पीडीएफचे गुणधर्मही उघडून पाहतो. नवशिक्यांना ही दोन मिनिटे फार वाटतात. फोनवर माफी मागायला त्याहून अधिक वेळ लागला होता.

फायलीला ‘फायनल’, ‘फायनल नवे’, ‘खरे फायनल’ अशी नावे देऊ नयेत. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, म्हणजे २०२४-०३-०५ अशी, नावाच्या आरंभी लिहावी, म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते. एकाच ग्राहकाचे नाव तीन प्रकारे लिहू नये. कॅमेऱ्याचे घड्याळ चुकीचे असेल तर सगळ्याच नोंदी चुकतात, म्हणून ते आधी पाहावे. विंडोजमध्ये फाइल दुसऱ्या डिस्कवर नकलली की ‘तयार केल्याची’ तारीख नकलल्याच्या दिवसाची होते, त्यामुळे पुराव्यासाठी केवळ तिच्यावर विसंबू नये.

जुन्या पोथ्यांच्या शेवटी पुष्पिकेत, म्हणजे समाप्तीच्या मजकुरात, अनेकदा शक, तिथी, गाव आणि पोथी उतरवणाऱ्याचे नाव असते. अशा नोंदींमुळेच भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरासारख्या ठिकाणी पोथीचा काळ ठरवणे अभ्यासकांना सोपे जाते. हाताने लिहिणाऱ्याला जे सुचत होते, ते आमच्या लेखनिकांना कळफलक समोर असूनही सुचत नाही, याचे मला नवल वाटते.

याउलट, भाड्याने द्यायच्या घराची छायाचित्रे परक्यांना पाठवताना स्थानाची नोंद जरूर काढून टाकावी. त्यासाठी फोनच्या गॅलरीतील सोय किंवा विंडोजमध्ये फायलीच्या गुणधर्मांतील ‘डिटेल्स’ पुरेसे आहे, आणि ते मुळावर न करता प्रतीवर करावे. हेच काम फुकट करून देणाऱ्या अनोळखी संकेतस्थळावर लोक आपली कागदपत्रे चढवतात, म्हणजे जी माहिती लपवायची तीच आधी परक्याच्या स्वाधीन करतात.