बॅचमधले जे गेले, त्यांची आठवण नीट कशी जपायची

रियुनियन ठरलं की हॉल, जेवण, टीशर्टचा रंग यावर ग्रुपवर चारचारशे मेसेज पडतात आणि गेलेल्यांसाठी मात्र 'सुरुवातीला दोन मिनिटं मौन ठेवू' एवढ्यावर विषय आटपतो. मौन ठेवाच, पण त्याआधी सहा महिने हातात असतील तर प्रत्येकाचं एकेक पान असलेली छोटी पुस्तिका करता येते. फार खर्च नाही, वेळ मात्र जातो.

आधी यादी. 'अरे तो गेला ना मागेच' यावर काडीचाही विश्वास ठेवू नका, एका बॅचला तीन-तीन संजय असतात आणि जिवंत माणसाचं नाव छापलं गेलं तर नंतर तोंड दाखवायला जागा नाही. घरचं किंवा जवळचं नातेवाईक कुणीतरी हो म्हणेपर्यंत नाव कच्च्या यादीतच राहू दे. कॉलेजच्या लायब्ररीत जुन्या नियतकालिकांचे बांधीव अंक असतात, त्यातले ग्रुप फोटो आणि खालची नावं फार कामाला येतात. मुलींची माहेरची नावं आधी लिहा, सासरच्या नावाने अर्ध्या वर्गाला पत्ताच लागत नाही. आणि ज्यांचं वर्ष गेलं, जे सेकंड इयरला सोडून गेले, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आले, ते सगळे यात हवेत. मोठ्या पदावर पोचलेल्याला दोन पानं आणि बाकीच्यांना चार ओळी हा प्रकार तर अजिबात नको, प्रत्येकाला एकच पान.

घरी फोन कुणी करायचा? ॲडमिनने नाही, रूमपार्टनरने किंवा बेंचवरच्या मैत्रिणीने. वर्षश्राद्ध व्हायच्या आत शक्यतो नकोच. 'वहिनी, मी हॉस्टेलचा त्याचा पार्टनर' म्हणून सुरुवात करा, थोडं त्यांना बोलू द्या, आणि 'कसा होता' असं विचारू नका, त्याला 'फार चांगले होते हो' एवढंच उत्तर येतं. सुट्टीच्या दिवशी सकाळी काय करायचा, कशावरून चिडायचा, घरात कुठली वस्तू कुणाला हात लावू द्यायचा नाही, असं विचारा. कशाने गेला हे घरचे म्हणतील तरच लिहायचं, नाहीतर फक्त वर्ष. २०२० आणि २०२१ ला गेलेल्यांच्या बाबतीत तर जपूनच, कितीतरी घरांना शेवटचं बघायलासुद्धा मिळालं नव्हतं. आई-वडील हयात असतील तर त्यांनाही वेगळा फोन करा, ते बहुतेक वेळा राहूनच जातं. छापायच्या आधी पान घरी पाठवा आणि ते जे काढा म्हणतील ते वाद न घालता काढा.

मित्रांना 'लेख लिहून दे' म्हटलं की कुणी देत नाही. व्हॉइस नोट मागा, तीन मिनिटांची, मग एकाने बसून ती उतरवायची. संपादन एवढंच की हुशार, मनमिळाऊ, हसतमुख, सदैव मदतीला तत्पर हे सगळे शब्द कापायचे, कारण ते कुणाच्याही पानावर चिकटतात. त्याऐवजी 'सबमिशनच्या आदल्या रात्री खुर्च्यांवर काच, खाली ट्यूबलाइट ठेवून अख्ख्या मजल्याला जीटी (ग्लास ट्रेसिंग, म्हणजे काचेवरून ड्रॉइंगची नक्कल) मारून द्यायचा आणि बदल्यात रविवारच्या फीस्टचं आइस्क्रीम घ्यायचा' असं एक वाक्य मिळालं की माणूस समोर उभा राहतो. उधारी, भांडणं, कॉपी पकडली गेली तेव्हाची धमाल, हेही चालतं, घरच्यांना लाज वाटणार नाही एवढं बघा.

फोटोंचं जरा जास्त मनावर घ्या. छोटे प्रिंट ६०० डीपीआयला स्कॅन करा, चिकट पानांच्या अल्बममधून ओढून काढू नका, तिथेच वरून दिवसाच्या उजेडात फ्लॅश न मारता फोटो घ्या. मागे मऊ पेन्सिलीने डावीकडून उजवीकडे नावं, जागा, साल. आनंदीबाई जोशींचा १८८५ चा फिलाडेल्फियाचा फोटो आठवा, शेजारी जपानची केई ओकामी आणि दमास्कसची सबात इस्लांबुली. खाली तिघींची नावं आणि गावं लिहिलेली आहेत म्हणून आज कोण कुठली ते कळतं. आनंदीबाई १८८६ ला डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत गेल्यासुद्धा, एवढ्या कमी आयुष्याचं आपल्याला इतकं ठाऊक आहे ते लोकांनी त्यांची पत्रं नि फोटो जपले म्हणून.

मोबाइलच्या जमान्यातलं वेगळं दुखणं म्हणजे अकाउंटं. गूगलचं अकाउंट दोन वर्षं कुणी वापरलं नाही तर गूगल ते फोटोंसकट डिलीट करू शकतं, त्यामुळे घरच्यांकडे पासवर्ड असेल तर आधी सगळं उतरवून घ्यायला सांगा. फेसबुकला कळवलं की प्रोफाइल स्मृती-प्रोफाइल होतं आणि दरवर्षी 'आज याचा बर्थडे' म्हणून नोटिफिकेशन येणं थांबतं. पण ती विनंती घरच्यांना विचारूनच टाका.

कार्यक्रमात हार घातलेल्या फोटोंची रांग लावू नका, नावं वाचा, आणि प्रत्येक नाव त्याच्या दोस्तानेच वाचू दे. घरच्यांना बोलावलंत तर स्टेजवर सत्कार वगैरे नको, ज्या टेबलावर त्याची गँग बसलीय तिथेच खुर्ची द्या. नावाने बक्षीस ठेवायचं असेल तर आकडा आधी बघा, लाखभराच्या एफडीवर साडेसहा टक्के धरले तरी वर्षाला साडेसहा हजारच येतात, तेव्हा दहा वेगवेगळी बक्षिसं ठेवण्यापेक्षा सगळ्यांचा मिळून एकच फंड करा आणि कॉलेजकडून लेखी घ्या की तो दुसरीकडे वळवणार नाही.