घरी बांधलेल्या लिथियम बॅटरीत करंट चुकीचा दिसतो, चार्जिंग मध्येच थांबतं: दोष कसा शोधायचा

इथे गृहीत धरलेला पॅक असा: लिथियम आयर्न फॉस्फेटचे ५० अँपिअर-अवरचे चार प्रिझमॅटिक (चौकोनी डब्याचे) सेल सिरीजमध्ये, ३० अँपिअरचा कॉमन पोर्ट बीएमएस (सेलचं रक्षण करणारं सर्किट; चार्ज आणि डिस्चार्ज एकाच आउटपुटवरून), ५० अँपिअर ७५ मिलिव्होल्टचा शंट (करंट मोजण्यासाठी निगेटिव्हमध्ये घातलेला अगदी छोटा रोध), त्यावर दोन्ही दिशांचा करंट दाखवणारा मीटर आणि १४.४ व्होल्ट १० अँपिअरचा चार्जर. राउटर, एलईडी दिवे, डीसी पंखा, शेतावरचा कॅमेरा यांसाठी हा संच पुरेसा आहे.

अशा पॅकमध्ये काही बिघडलं की लोक आधी बीएमएस बदलतात, मग चार्जर. बहुतेक वेळा दोष त्या दोन्हींत नसतो. तो निगेटिव्हच्या वायरिंगमध्ये किंवा एखाद्या सैल नटाखाली असतो. म्हणून पार्ट मागवण्याआधी करंट नेमका कुठून जातोय ते शोधा.

सुरुवातीला दोन गोष्टी. अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा आणि पान्ह्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा, कारण शॉर्ट झाल्यावर हे सेल शेकडो अँपिअर सोडतात. दुसरं, मल्टिमीटरचा लाल प्रोब १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये राहिलेला असताना व्होल्टेज मोजायला जाऊ नका. तो थेट शॉर्ट असतो.

निगेटिव्हची वाट

क्रम असा हवा: पहिल्या सेलचा निगेटिव्ह, तिथून बीएमएसचा बी-मायनस (सेलकडचं टोक), मग पी-मायनस (आउटपुटकडचं टोक), मग शंटची बॅटरीकडची बाजू, शंटची दुसरी बाजू, तिथून बसबार (सगळे निगेटिव्ह एकत्र जोडायची धातूची पट्टी). चार्जर आणि सगळे लोड, प्रत्येकाचा निगेटिव्ह याच बसबारवर. शंटच्या अलीकडे काहीही जोडलं तर त्याचा करंट मोजला जात नाही. थेट सेलच्या निगेटिव्हवर जोडलं तर बीएमएससुद्धा वगळला जातो. चार्जर तसा जोडलेला असेल तर एखादा सेल ३.६५ व्होल्टच्या वर गेला तरी त्याला थांबवणारं कुणी उरत नाही, म्हणून ही चूक सापडली की बाकी सगळं सोडून आधी ती दुरुस्त करा.

तपासणी सोपी आहे. सगळे लोड बंद करा आणि एकेक चालू करत मीटर बघा. ज्या उपकरणाने आकडा हलत नाही, त्याचा निगेटिव्ह वाट सोडून गेलेला आहे. धातूच्या बॉक्सला अर्थ केलेला कॅमेरा किंवा सोलर कंट्रोलरच्या लोड टर्मिनलवरून घेतलेली वायर असा चोरवाटेचा रस्ता हमखास तयार करते. स्वस्त पीडब्ल्यूएम (साध्या चालू-बंद पद्धतीच्या) सोलर कंट्रोलरमध्ये पॉझिटिव्ह कॉमन असतो आणि स्विचिंग निगेटिव्हवर होतं; पॅनल, बॅटरी आणि लोड यांचे निगेटिव्ह बाहेर एकत्र बांधले तर कंट्रोलरचं नियंत्रणच संपतं.

आकडा चुकीचा असेल तर

आकडा बरोबर दुप्पट किंवा निम्मा दिसला तर मीटरमधलं शंटचं सेटिंग बघा. १०० अँपिअरचा शंट निवडलेला आणि लावलेला ५० चा, तर ५ अँपिअर १० दिसतात. खात्रीसाठी मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवून शंटच्या दोन छोट्या स्क्रूंवर मोजा. हा शंट १.५ मिलिओहमचा आहे, म्हणजे ५ अँपिअरला ७.५ मिलिव्होल्ट यायला हवेत. लोड म्हणून गाडीचा ५५ वॉटचा हॅलोजन बल्ब चालतो, तो साडेचार ते पाच अँपिअर घेतो. क्लॅम्प मीटर वापरणार असाल तर तो डीसी मोजणारा हवा. स्वस्तातले बरेचसे फक्त एसी मोजतात आणि इथे शून्य दाखवतात.

आकडा विचित्र प्रमाणात जास्त असेल, नट आवळल्यावर बदलत असेल, तर मीटरच्या बारीक वायर चुकीच्या जागी आहेत. त्या शंटच्या छोट्या स्क्रूंवरच हव्यात. मोठ्या बोल्टखाली लगबरोबर (जाड वायरच्या टोकाच्या कडीबरोबर) दाबल्या तर तिथला संपर्काचा रोधही मोजला जातो. तो फक्त अर्धा मिलिओहम असला तरी ५ अँपिअरचे ६.७ दिसतात.

चार्ज होताना चिन्ह उलटं येत असेल तर त्या दोन बारीक वायर अदलाबदल करा. चार्जरचा निगेटिव्ह बसबारवर असूनही चार्जिंगला कायम शून्यच दाखवणारा मीटर मात्र एकाच दिशेचा असतो, तो बदलावाच लागतो.

तयार मीटरऐवजी अर्डुइनोवर (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) एसीएस७१२ हा करंट सेन्सर लावला असेल तर छोट्या करंटची अपेक्षा सोडा. ३० अँपिअरच्या मॉडेलला एका अँपिअरमागे ६६ मिलिव्होल्ट मिळतात आणि शून्याची पातळी सप्लायच्या निम्मी असते. सेन्सरचा सप्लाय ५ वरून ४.८ झाला, अर्डुइनोचा रेफरन्स व्होल्टेज मात्र तसाच राहिला आणि कोडमध्ये २.५ पक्का लिहिलेला असला, तर लोड नसताना दीड अँपिअर दिसतो. बाहेरच्या शंटवर आयएनए२२६ ही करंट मोजणारी चिप लावणं कितीतरी बरं. आयएनए२१९ च्या तयार मॉड्यूलवर ०.१ ओहमचा रोध असतो, तो ३.२ अँपिअरपर्यंतच मोजतो. १० अँपिअरचा चार्जर त्यातून नेऊ नका.

चार्जिंग अडतं तेव्हा

चार्जर चालू असतानाच तीन ठिकाणी व्होल्टेज मोजा: चार्जरच्या टर्मिनलवर, पॅकच्या आउटपुटवर, आणि प्रत्येक सेलवर वेगळं. बंद केल्यावर घेतलेले आकडे दिशाभूल करतात.

चार्जरवर १४.४ आणि पॅकवर १३.९ असेल तर फरक वायरमध्ये जातोय. अडीच स्क्वेअर एमएमची वायर तीन मीटर लांब, म्हणजे जाऊन-येऊन सहा मीटर. १० अँपिअरला जवळपास अर्धा व्होल्ट तिथेच संपतो. चार्जर वेळेआधीच करंट कमी करतो आणि चार्जिंग रेंगाळतं. सहा स्क्वेअर एमएम घाला किंवा चार्जर जवळ आणा.

चार्जर सुरूच होत नसेल आणि सेलची बेरीज १० व्होल्टच्या आसपास असेल, तर बीएमएसने कमी व्होल्टेजमुळे डिस्चार्ज तोडलेला आहे. बॅटरी दिसत नाही म्हणून चार्जरही सुरू होत नाही. बेंच पॉवर सप्लाय १३.६ व्होल्टवर आणि १ अँपिअरच्या मर्यादेवर ठेवून पॅकच्या आउटपुटला काही मिनिटं जोडा. सेल वर आले की बीएमएस आउटपुट पुन्हा जोडतो. कोणताही सेल दोन व्होल्टच्या खाली बराच काळ पडून राहिला असेल किंवा फुगला असेल, तर तो परत वापरू नका.

सगळ्यात जास्त सापडणारा प्रकार वेगळाच आहे. करंट १० अँपिअर चालू असतो आणि एकदम शून्य होतो, पॅक १३.७ वर. त्याच क्षणी सेल मोजले तर ३.३४, ३.३५, ३.३४ आणि ३.६८ असं दिसतं. एक सेल आधी भरतो आणि बीएमएस सगळ्यांचं चार्जिंग तोडतो.

पण सेलला दोष देण्याआधी त्याला शेजारच्या सेलशी जोडणाऱ्या बसबारचा नट बघा. १० अँपिअर चालू असताना आधी थेट सेलच्या टर्मिनलवर मोजा, मग बीएमएसच्या कनेक्टरच्या पिनवर. दोन आकड्यांत फरक आला आणि करंट बंद केल्यावर तो नाहीसा झाला, तर जोड सैल किंवा काळवंडलेला आहे. २० मिलिओहमचा जोड ०.२ व्होल्ट खातो, दोन वॉट तापतो आणि बीएमएसला खोटा उंच सेल दाखवतो. टर्मिनल बारीक पॉलिश पेपरने घासा, पुसा आणि सेलच्या डेटाशीटमधल्या टॉर्कने आवळा. हाताला गरम लागणारा जोड हाच पुरावा.

जोड चांगले निघाले तर सेल खरोखरच असमान आहेत. छोट्या बीएमएसचं बॅलन्सिंग (उंच सेलमधून थोडा करंट काढून सगळे सारखे करणं) ५० मिलिअँपिअरच्या आसपास असतं, तेही वरच्या व्होल्टेजलाच. ५ अँपिअर-अवरचा फरक असेल तर त्याला १०० तास लागतील. म्हणून उंच सेलवर २.२ ओहम १० वॉटचा रोध २० मिनिटं लावा. त्यातून अर्धा अँपिअर-अवर निघतो. रोध तापतो, फरशीवर ठेवा आणि तिथून उठू नका. पुन्हा चार्ज करा, पुन्हा मोजा, गरज असेल तेवढ्या वेळा करा. एका झटक्यात जास्त काढलं तर तोच सेल खाली जाऊन डिस्चार्जच्या वेळी आधी तोडेल.

लेड-ॲसिडचा इन्व्हर्टर वापरत असाल तर त्याचं इक्वलायझेशन किंवा डिसल्फेशन (लेड-ॲसिडसाठीचे जास्त व्होल्टेजचे मोड) बंद करता येतं का ते बघा. येत नसेल तर हा पॅक त्याला लावू नका. सोलर कंट्रोलरला आधी बॅटरी, मग पॅनल जोडा; काढताना उलट.

टक्केवारी

या सेलचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात ३.२ ते ३.३ वर जवळजवळ सपाट राहतं, म्हणून व्होल्टेजवरून टक्केवारी काढणारा मीटर इथे निरुपयोगी. अँपिअर-अवर मोजणारा हवा, पण त्यालाही शून्य नीट शिकवावं लागतं. सगळं बंद असताना तो ५० मिलिअँपिअर दाखवत असेल तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर खोटे जमा होतात, दहा दिवसांत जवळपास पाव बॅटरी. लोड आणि चार्जर दोन्ही सोडवून झिरो कॅलिब्रेशन करा. १०० टक्क्यांची खूण मात्र पॅक १४.२ च्या वर आणि करंट अडीच अँपिअरच्या खाली काही मिनिटं राहिल्यावरच लावा, आणि पॅक महिन्यातून एकदा तरी तिथपर्यंत पूर्ण भरू द्या.